करड्या कोटातला

ताईच्या शेवटच्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, हे मास्तरांना आठवलं तेव्हा ते एका अनोळखी बाईच्या खांद्यावरची चार बोटं पुसत होते. आठवलं म्हणणंही तितकंसं खरं नाही. आठ महिने ते पत्र टेबलाच्या खालच्या खणात, निगेटिव्हवर काम करायच्या जुन्या पेन्सिलींच्या डब्याखाली पडून होतं आणि मास्तरांचा गुडघा रोज त्या खणाला लागत होता. पण आज ती चार बोटं संगणकाच्या पडद्यावर मोठी करून बघताना, अंधाऱ्या जिन्यात एक पायरी कमी निघावी तसा त्यांचा हात माऊसवर अडखळला. बाई फोटो स्टुडिओतल्या काउंटरपलीकडच्या स्टुलावर बसली होती. तिला फोटोतून नवऱ्याला काढून हवं होतं. मास्तरांनी त्याला काढला, त्याच्या जागी मागची भिंत ओढून आणली, भिंतीवरच्या भेगा एकमेकींना जुळवल्या. पण तो तिच्या खांद्यावर हात टाकून उभा होता, आणि हात गेला तरी बोटं तिच्या बाहीवर तशीच राहिली, चिमटा काढल्यासारखी. "तेवढी बोटं राहिली बघा," बाई मान लांब करून म्हणाली. "काढतो," मास्तर म्हणाले. मग काहीतरी बोलायला हवं असं त्यांना वाटलं, आणि असं वाटलं की ते नेमकं नको ते बोलत. "कधी वारले?" त्यांनी विचारलं. "कोण?" "तुमचे हे." "वारतोय कुठला," बाई म्हणाली. "मागच्या गल्लीत राहतो. भाजी आणायला गेले की दिसतो." आतल्या खोलीतून मालकांचं हसणं ऐकू आलं. "मास्तर," ते ओरडले, "तुम्ही माणसं काढा, चौकशा नका काढू." बाईही हसली. मास्तरांनी कान तापलेले असताना बोटं पुसली, एकेक करून, करंगळीपासून.

ताईचं ते पत्र भाच्याच्या अक्षरात होतं. ताईची बोटं आखडल्याला सहा वर्षं झाली होती, फोनवर तिला ऐकू येत नसे, आणि नजरेचं असं की मोठं दिसायचं, बारीक दिसायचं नाही. त्यामुळे पत्र ती सांगायची आणि भाचा लिहायचा, आलेलं पत्र भाचा तिच्या उजव्या कानाशी वाकून मोठ्याने वाचायचा. घरोघर फिरून पाण्याची मीटरं वाचणं ही त्याची नोकरी, तेव्हा अक्षर सुटं, गोल, आकड्यांसारखं. 'चि. बाळ यास अनेक आशीर्वाद', मास्तर साठीला टेकले होते तरी ताईच्या लेखी बाळच होते, 'तू पाठवलेला फोटो समोर लावला आहे. थोरला फार गोड दिसतो. पण बाजूला धाकटा आहे त्याने शोभा जाते. त्याच्या तोंडावर माझ्याबद्दलचा राग दिसतो. जन्मभर बघितला, आता फोटोत कशाला. तरी करड्या कोटातला तेवढा काढून टाक आणि थोरला एकटा करून पाठव. तुला काही अवघड नाही. तुझी ताई.' बस, एवढंच. लिहिणाराच धाकटा होता. 'काढून टाक' या शब्दांशी तरी पेन जरा अडखळलं असेल, दाबलं गेलं असेल, म्हणून मास्तरांनी तो कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरका धरून पाहिला होता. कुठेही काही नव्हतं. एखाद्या बंद घराचं रीडिंग लिहावं तसं लिहिलं होतं.

धाकटा म्हणायला वर थोरला लागतो, आणि तो नव्हता. होता, पण नऊ दिवस. जुळ्यांतला पहिला सात मिनिटं आधी आला आणि नवव्या दुपारी, ताई दुसऱ्याला पाजत असताना, शेजारच्या दुपट्यात गप्प झाला. दुसरा सारखा रडायचा म्हणून ताईने त्याला घेतलं होतं. पहिला शहाणा होता, रडत नव्हता. या एका वाक्यावर ताईने चौतीस वर्षं संसार केला. मुलगा एकच उरला तरी त्याला धाकटाच म्हणत राहिली, आणि नवीन शेजारी विचारीत, मोठा कुठे असतो हो. शाळेत गणित चुकलं की थोरला असता तर चुकलं नसतं. नोकरी लागली ती मीटरं वाचायची, तेव्हा थोरला असता तर खुर्चीवर बसला असता. नवरा गेला त्या वर्षी ती म्हणाली की आज थोरला असता तर मला धीर दिला असता, आणि हे म्हणताना ती धाकट्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. मास्तरांना भाचा आठवायचा तो आठ वर्षांचा, सुट्टीत आलेला, डार्करूमच्या लाल उजेडात ट्रेमधल्या पाण्याकडे बघत. कागदावर चेहरा हळूहळू उमटत होता. पोराने विचारलं होतं, "मामा, थोरला असता तर तोपण नापास झाला असता का रे?" मास्तर तेव्हा हसले होते. त्याला उत्तर हवं होतं हे त्यांना पुष्कळ वर्षांनी, बसमध्ये खिडकीशी बसलेले असताना, कारण नसताना कळलं. आणि तेव्हा ते पुढच्या थांब्यावर उगाचच उतरले होते.

पहिलं पत्र दोन वर्षांपूर्वीचं. 'तुमच्या दुकानात आता एकाचे दोन करून मिळतात असं ऐकलं. धाकट्याच्या शेजारी थोरला उभा करून दे. दोघं सारखेच होते.' तेही भाच्यानेच लिहिलेलं. मास्तरांकडे त्याचा एक फोटो होता, खात्याच्या ओळखपत्रासाठी तो आला होता त्या दिवशीचा. दुकानात खिळ्याला एक काळा कोट कायम टांगलेला असे, ज्याला फोटोपुरता हवा त्याने घालावा. गावातल्या निम्म्या लोकांचा घाम त्या कोटात मुरला होता. भाच्याने तो घातला, ओळखपत्राचा फोटो झाला, आणि मग मास्तर म्हणाले, थांब, एक असाच काढू, कमरेपर्यंतचा, पुढेमागे लागेल. "कशाला लागेल, मामा? भिंतीवर लावायला?" भाचा म्हणाला आणि ओठाचा एक कोपरा वर गेला, आणि मास्तरांनी तेवढ्यात बटण दाबलं. तोच फोटो त्यांनी घेतला. आधी भाच्याला मागच्या पडद्यापासून सोडवला. अंगाची कड सोपी असते, कोटाची त्याहून सोपी. जीव काढतात ते केस. दोन दिवस ते एकेका केसाच्या कडेने फिरत होते, मान आखडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग नक्कल केली. माऊसने ती बाजूला ओढली तेव्हा माणसातून माणूस सरकत बाहेर आला, अजिबात न दुखता, आणि मास्तरांच्या अंगावर काटा आला. हे त्यांनी हजारदा केलं होतं, झाडांचं, खुर्च्यांचं, रिकाम्या मांडवात माणसांची गर्दी दाखवण्यासाठी पाठमोऱ्या डोक्यांचं. पण त्या दुपारी त्यांना वाटलं की आपण ताईच्या घरातली ती नववी दुपार उलटी फिरवतो आहोत. असं काही वाटून घेण्याचा त्यांना संकोच वाटत असे, तरी वाटलं. नक्कल शेजारी जशीच्या तशी ठेवली तर जुळे दिसत नाहीत, एकाच माणसाची दोन तिकिटं दिसतात, म्हणून त्यांनी ती आरशातल्यासारखी उलटी केली. उलटी केल्यावर कोटाचा खिसा आणि बटणं भलत्या बाजूला गेली, ती एकेक उचलून जागेवर आणली. कोटाला करडा रंग दिला. शेवटी एकाची सावली दुसऱ्याच्या बाहीवर पाडली, अगदी पुसट, आणि त्या सावलीने ते दोघे एका खोलीत आले. मालक मागे येऊन उभे राहिले होते. "मास्तर, हे दोघं भाऊ कोण?" ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला काहीतरी जमलं आहे, असं मास्तरांना वाटलं.

फोटोच्या मागे कोण कुठला ते लिहावं म्हणून त्यांनी पेन्सिल उचललीही होती. पण नऊ दिवस जगलेल्याची खूण बत्तीस वर्षांच्या माणसाच्या पाठीवर कशी लिहायची? आई आहे, ती ओळखेल, असं म्हणून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. पंधरा दिवसांत पत्र आलं. 'बाळ, मला आजवर कुणी काही दिलं नाही. तू माझा मुलगा दिलास. लहानपणी मी तुला काही जमत नाही म्हणायचे, ते शब्द मी मागे घेते.' हे पत्र मात्र खणात गेलं नाही. ते सदऱ्याच्या खिशात राहिलं, घडीवर फाटलं, मागून चिकटपट्टी लावली, आणि सदरा बदलला की न चुकता दुसऱ्या सदऱ्यात गेलं. मास्तरांना बायको-मुलं नव्हती, कुणी कधी काही म्हटलेलं नव्हतं. ज्यांच्या सुरकुत्या आणि डाग चाळीस वर्षं पुसले ते लोक फोटो हातात घेऊन फार तर म्हणत, बरा आलोय मी. त्यात मास्तर कुठे नव्हतेच.

मग खणातलं ते पत्र आलं, आणि 'करड्या कोटातला' हे शब्द वाचताच मास्तरांना सगळं कळलं. त्यांच्याइतकं ते कुणालाच कळण्यासारखं नव्हतं. माणसाच्या तोंडाचे दोन अर्धे सारखे नसतात. आपण स्वतःला आरशात बघतो, म्हणून खरा फोटो आपल्याला परका वाटतो, हा मी नव्हेच असं म्हणून गिऱ्हाईक परत येतं; आणि फोटो उलटा केला की ते खूश होतं, पण मग त्याच्या घरची माणसं म्हणतात, यात हा कसासाच दिसतो, तिरसट. भाच्याच्या ओठाचा जो कोपरा वर गेला होता तो ताईने चौतीस वर्षं ज्या बाजूला पाहिला त्या बाजूला काळ्या कोटात होता. तो तिला गोड दिसला, आपला दिसला, म्हणजेच थोरला. करड्या कोटातलं हसू उलट्या बाजूला गेलं, तिथे ते तिला कुत्सित दिसलं, आणि तोंडावर राग असणारा तिच्या घरात एकच माणूस होता. म्हणजे ती रोज ज्याच्याकडे डोळे भरून बघत होती तो धाकटाच होता, जसा त्या दिवशी हसला तसाच, एका केसाचाही फरक न केलेला. आणि तिला भिंतीवरून काढून हवी होती ती मास्तरांची नक्कल. भाच्यालाही पत्ता लागला नसणार; त्या दिवशी घातलेल्या उसन्या कोटाचा रंग त्याच्या लक्षातही राहिला नसणार. करड्या कोटात त्याला रोजच्या दाढीच्या आरशातला आपला चेहरा दिसला असणार, आणि त्याने मुकाट्याने लिहून घेतलं असणार. तसं म्हटलं तर काम दोन मिनिटांचं होतं. पण ते करून पाठवायचं तर खोटं, आणि खरं लिहायचं तर खिशातलं पत्र परत करावं लागणार. मास्तरांनी पत्र डब्याखाली ठेवलं. विचार करू, म्हणाले. आठ महिने त्यांनी एकदाही विचार केला नाही.

बोटंवाली बाई फोटो घेऊन गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दुपारी दीडच्या सुमाराला, मालक जेवायला गेले असताना, भाचा दारात उभा राहिला. साडेतीन तास उभ्याने प्रवास करून आला होता. केस अकालीच पिकले होते, आणि पायांत कामावरचे जाड बूट. "मामा, जिवंत आहेस का?" तो म्हणाला. "मला वाटलं तुझाही फोटोच उरला." मास्तर धडपडत उठले, स्टूल पुढे केलं, पाणी दिलं, ताई कशी आहे विचारलं. "आई मजेत आहे. मीच चोर ठरलोय. रोज विचारते, बाळचं पत्र आलं का? आठ महिने मी नाही म्हणतोय. आता तिला वाटतं की तू फोटो करून पाठवलायस आणि मी तो दडवलाय. परवा माझी ट्रंक उघडायला लावली. खालच्या मजल्यावरच्या बाईंना साक्षीला बोलावलं." "अरे, मग तू तिला..." "काय सांगू? मामाला वेळ नाही? ती म्हणते, बाळ माझा शब्द कधी मोडत नाही." भाचा पाणी प्यायला. "तेव्हा दे करून. आजची रजा टाकून आलोय. माझं वाईट वाटून घेऊ नकोस. तिने सांगितलं तेव्हा मी लिहिलंच ना?" "तुला काही वाटलं नाही लिहिताना?" मास्तरांनी विचारलं. हे विचारायचं धैर्य आपल्याला कुठून आलं याचंच त्यांना नवल वाटलं. भाच्याने थोडा वेळ खरंच विचार केला. "वाटलं," तो म्हणाला. "वाटलं की तिचं बरोबर आहे. तो माझ्यापेक्षा बरा दिसतो."

मास्तरांनी फाइल उघडली. यातून आता सुटका नव्हती. पडद्यावर दोघे भाऊ आले, एक काळा कोट, एक करडा, आणि भाचा स्टूल ओढून त्यांच्या खांद्यामागे बसला. त्याच्या अंगाला ओलसर सिमेंटचा वास येत होता. "कसा काढतोस ते दाखव तरी. मला स्वतःला जाताना बघायचंय." मास्तरांनी बाजूची यादी दाखवली, फोटोतला एकेक थर तिथे ओळीने मांडलेला असतो आणि प्रत्येकापुढे एक डोळा असतो, डोळा मिटला की तो थर दिसेनासा होतो. "मी मिटू?" भाचा म्हणाला आणि त्याने माऊस घेतला. करडा कोट गेला. "गेलो," तो म्हणाला. डोळा उघडला. "आलो." पुन्हा मिटला. चौतीस वर्षांचा तो माणूस लहान पोरासारखा चार-पाच वेळा गेला आणि आला, आणि मास्तर हसायचं की नाही ते न कळून चष्मा पुसत बसले. मग माऊस थांबला. मीटर वाचणाऱ्याची नजर. जिथे अक्षर असेल तिथे ती आधी जाते. "मामा, या थराला तू नक्कल असं नाव दिलंयस," भाचा म्हणाला. मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आणि काळ्या कोटाच्या थराला मूळ." रस्त्यावर एक गाडी मागे घेत होते, तिचा टूं टूं आवाज येत राहिला. "मूळ म्हणजे मी ना? माझ्यावरूनच केलास ना तू हे?" "हो," मास्तर म्हणाले.

नंतर त्यांनी सगळं सांगितलं, आरसा, ओठाचा कोपरा, गिऱ्हाइकांच्या तक्रारी. तोंडातल्या तोंडात, अपराध्यासारखं, मधेच थांबून, आणि एवढं सांगूनही हे मला पत्र आलं त्या दिवसापासून माहीत होतं हे मात्र सांगितलं नाही. भाचा ऐकत होता, पण पडद्याकडे बघत होता. तो हसेल असं मास्तरांना वाटलं होतं. त्याने हात पुढे करून पडद्यावरच्या काळ्या कोटाच्या बाहीला बोट लावलं, आणि काचेवर बोटाचा ठसा उमटला म्हणून शर्टाने तो पुसला. "सकाळी उठली की ती आधी याच्याशी बोलते," तो म्हणाला. "रात्री पाय किती दुखले ते याला सांगते. मी विचारलं तर म्हणते, तुला काय करायचंय? परवा मी दाराआड उभा होतो. याला म्हणत होती, तू आहेस म्हणून मी आहे रे." तो थांबला. "मामा, हे ती मला म्हणत होती." "हो." "तिला माहीत नाही, पण मलाच म्हणत होती." "हो रे." भाच्याने बूट जमिनीवर घासले. मग अगदी हळू, एखाद्याकडे पाणी मागावं तसं म्हणाला, "तू लिही तिला."

"तूच सांग ना," मास्तर म्हणाले. "माझं ऐकेल? म्हणेल, मेलेल्याची जागा घ्यायला निघालाय. तुझं ऐकेल ती. तू तिचा जादूगार." "पण पत्र तर तूच वाचणार." "मी वाचेन. आणि मग खालच्या बाई वाचतील. आई प्रत्येक पत्र त्यांच्याकडून पुन्हा वाचवून घेते, मी पदरचं काही घातलंय का बघायला. म्हणून तर म्हणतो. तुझ्या हातचं पाहिजे. फार नको लिहूस. काळ्या कोटातला आहे तो धाकटा आहे, एवढं एक वाक्य. पुढचं तिला काय वाटायचं ते वाटू दे. शिव्या दिल्या तरी चालतील. एकदा तिला कळू दे की ती ज्याच्याशी बोलत होती तो मी होतो." मास्तरांनी मान हलवली. "लिहितो," ते म्हणाले. "नक्की?" "नक्की लिहितो. रविवारी लिहितो." भाचा उठला. दारापर्यंत जाऊन परत आला, आणि त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं: मास्तरांच्या गालाला आपला गाल क्षणभर लावला, दाढीचे खुंट टोचले, आणि घाईघाईने पायऱ्या उतरून बस गाठायला गेला. चालताना तो हात हलवीत होता. लहानपणी सुट्टी लागली की असाच चालायचा.

रविवारी मास्तरांनी खोली झाडली, दुपारचं जेवण लवकर उरकलं, टेबलावर कागद घेतला. काळ्या कोटातला एकटा फोटो त्यांनी शनिवारीच छापून आणला होता. तो पुठ्ठ्यात घालून बाजूला ठेवला. कसंही झालं तरी तोच पाठवायचा होता, खरं लिहिलं तरी आणि खोटं लिहिलं तरी. फरक फक्त एका वाक्याचा होता. 'ती. ताईस साष्टांग नमस्कार.' इथपर्यंत हात सरळ गेला. 'तू ज्याला थोरला समजतेस' असं लिहून त्यांनी कागद बाजूला केला. समजतेस या शब्दाने ताई वेडी ठरत होती. दुसऱ्या कागदावर लिहिलं, 'माझी एक चूक झाली.' चूक म्हटल्याबरोबर त्यांना ताईचा आवाज ऐकू आला, फ्रॉकमधल्या ताईचा, अंगणात उभं राहून सगळ्यांदेखत म्हणणाऱ्या: याला काही जमत नाही. तिसऱ्या कागदावर त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं, भाच्याने सांगितलं तसं, काळ्या कोटातला आहे तो धाकटा आहे, आणि ते नीट वाचलं. वाक्य चांगलं होतं. त्यात एकही शब्द कमी करता आला नसता. पुढे काय होईल ते बघायला ते खुर्चीत मागे टेकले. भाचा वाचेल. ताई दुसऱ्यांदा वाचायला सांगेल. खालच्या बाईंना हाक जाईल. मग ताई भिंतीकडे बघेल, आणि काळ्या कोटात तिला हळूहळू राग दिसायला लागेल. नजर तर तिचीच. दोन्ही मुलगे जातील. नाही, दुसरंही होऊ शकतं, असं मास्तरांच्या मनातलं कुणीतरी म्हणालं: ती भिंतीकडे बघेल, मग कानाशी वाकलेल्या माणसाकडे बघेल, आणि तिची आखडलेली बोटं त्याच्या ओठाच्या कोपऱ्याकडे जातील. हे चित्र मास्तरांना अगदी स्पष्ट दिसलं, डार्करूमच्या ट्रेमध्ये उमटावं तसं. ते खरं होण्यासारखं होतं, आणि त्यात मास्तर कुठे नव्हते.

आपण ताईच्या भल्याचा विचार करतो आहोत, थोरल्याला दुसऱ्यांदा मारणं आपल्याला जमणार नाही, म्हातारपणी तिला हा धक्का कशाला, असं एकामागून एक त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी सांगून झाल्यावर त्यांना ते खोटं असल्याचं कळलं, कारण इतक्या सफाईने ते खरं कधी बोलत नसत. खिशातलं पत्र काढून त्यांनी टेबलावर उलगडलं. तू माझा मुलगा दिलास. चिकटपट्टी पिवळी पडली होती. तीन कागद त्यांनी बारीक फाडले आणि चौथा घेतला. आता हात मुळीच थांबला नाही. 'ती. ताईस साष्टांग नमस्कार. उशीर झाला, माफ कर. तू सांगितल्याप्रमाणे धाकट्याला काढून टाकलं आहे. थोरला एकटाच जास्त चांगला दिसतो. कसा वाटला ते दोन ओळी लिहून कळव. तुझा, बाळ.' अक्षर सुरेख आलं. त्यांनी पाकिटावर पत्ता लिहिला, 'मोडू नये' असं दोन्ही बाजूंना लिहिलं, आणि सदरा बदलून खाली उतरले.

चौकातल्या पेटीपाशी कुणी नव्हतं. मास्तरांनी पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं सरकवलं आणि धरून ठेवलं. बुधवारी पोचेल. भाचा कामावरून येईल, बूट काढायच्याही आधी ते फोडेल, कारण त्याला घाई असेल, आणि मनात एकदाही न वाचता सरळ तिच्या उजव्या कानाशी वाकेल. मोठ्याने वाचेल. मधेच थांबला तर ती म्हणेल, पुढे वाच, काय लिहिलंय बाळने. आणि नीट ऐकू आलं नाही तर ते एक वाक्य तिच्यासाठी त्याला पुन्हा, पहिल्यापेक्षा ओरडून वाचावं लागेल. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि पाकीट सोडलं.